अर्धलीच्या कोंबड्या

सोपानतात्यांनी चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, सगळी नोकरी काढली आणि निवृत्त होताना दहाच्या दहा बोटं घरी आणली. ही गोष्ट ते, दुसरा एखादा आपला मुलगा कलेक्टर झाल्याचं सांगेल, तशी सांगत. नवी ओळख झाली की आधी दोन्ही पंजे समोर धरायचे आणि म्हणायचे, "मोज." आपण कसनुसं हसावं, तर पंजे तसेच. खरोखर मोजून "दहा" म्हटल्याशिवाय सुटका नव्हती.

"माझ्या बरोबरच्यांकडं बघ," ते म्हणायचे. "कुनाचा अंगठा न्हाई, कुनाची दोन न्हाईत. मशीन समद्यांना सारखीच व्हती. मी भ्यायचो, म्हणून माझी राहिली. मानसाला भ्या पायजे. भ्या गेलं की बोट गेलं."

हे भ्या त्यांनी कंपनीच्या गेटवर ठेवून येण्याऐवजी घरी आणलं होतं. दिवसातून कितीदा तरी ते सिलिंडरला नाक लावून वास घ्यायचे. लिफ्टमध्ये पाय ठेवायचे नाहीत. मोबाइल चार्जिंगला लावला की दूध तापत ठेवल्यासारखे शेजारी बसून राहायचे. चऱ्होलीतले लोक त्यांना पाठीमागे भित्रे तात्या म्हणत आणि त्यांच्या पत्नी, मुक्ताकाकू, तोंडावर म्हणत. "लग्नात अंतरपाटाच्या पलीकडं नुसते थरथरत व्हते," काकू सांगायच्या. "मला वाटलं ताप आलाय. आता कळतंय, तो ताप न्हाई, सोभाव."

मी लातूरकडची. नवरा आणि मी दोघंही चाकणच्या पट्ट्यात नोकरीला; माझी कंपनी गाड्यांच्या वायरी जोडून देणारी. चऱ्होलीत नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा आजूबाजूला शेतांपेक्षा क्रेन जास्त होत्या. आमच्या कंपाउंडला लागून तात्यांची उरलेली पट्टी होती. भावकीनं जमिनी बिल्डरला दिल्या, तात्यांनी एवढी ठेवली. तिच्यात दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, मागं पत्र्याच्या शेडा आणि पुढं रस्त्याकडे उघडणारं लोखंडी फाटक. पहिल्या रविवारी गॅलरीतून खाली पाहिलं, तर शेडसमोर कापसाचे गोळे हिंडत होते. मला वाटलं ससे. मग त्यातला एक आरवला.

कुतूहल आवरेना म्हणून दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. तात्यांनी फाटकातच अडवलं.

"काल काय खाल्लंस?"

"चिकन," मी म्हणाले. रविवारी आणखी काय खाणार?

"दुकानातनं आनलं? कापताना उभी व्हतीस का तिथं? ह्याच चपला व्हत्या?"

तिन्ही उत्तरं "हो" अशी आल्यावर ते दोन पावलं मागं सरकले आणि फाटकाची कडी आतून घातली. मी आत पाय ठेवला तो पुढच्या महिन्यात, नव्या चपला घेतल्यावर. त्याही फाटकामागच्या पसरट घमेल्यातल्या औषधाच्या पाण्यात बुडवून.

या कोंबड्यांना सिल्की म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. कंपनीतल्या कुणा साहेबानं हौसेनं जोडी पाळली होती. बदली झाल्यावर ती तात्यांच्या गळ्यात मारून गेला. त्या जोडीचा तात्यांनी कळप केला. पिसं म्हणावीत तर पिसं नाहीत, नुसती लव. तिच्यावर पाणी ठरत नाही, सरळ आत मुरतं, आणि भिजलेली सिल्की बघता बघता गारठते. उडता येत नाही. डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर येतो, म्हणून धड दिसत नाही. घार डोक्यावर आली तरी बाई आपली जमिनीवर दाणे शोधतेय. पायाला बोटं चार हवीत तर पाच. आणि त्या पांढऱ्याशुभ्र लवेखाली कातडी काळीकुट्ट, तुरासुद्धा पिकल्या जांभळासारखा. देवानं जगातला सगळ्यात भित्रा माणूस आणि सगळ्यात बापुडवाणा पक्षी एकाच फाटकात आणून सोडले होते.

एकदा त्यांनी नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू माझ्यासमोर धरलं आणि माझी करंगळी धरून हलकेच त्याच्या टाळूवर टेकवली. तिथं मऊ लागलं.

"इथं हाड न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "जातवान पिल्लाला नसतंच. दुसऱ्या कोंबडीनं एक चोच मारली तर संपलं. आता सांग, मी भिऊ नको तर काय करू?"

जात राखायची तर असं टाळूचं पिल्लू हवं, आणि ते जगवायचं तर डोळ्यांत तेल घालून बसायला हवं. पाचवं बोट नीट सुटलेलं नसेल, कातडीत कुठं लाली असेल, तर तात्या तो पक्षी पैदाशीला ठेवत नसत. रक्त जवळ आलं की पाय वाकडे होतात म्हणून कोंबडा दर थोड्या काळानं लांबच्या कुणाकडून बदलून आणत. शेडकडे जाताना ते लांबूनच बोलायला लागत, "आलो गं बाय, मीच हाय, मीच हाय." अचानक गेलं तर दिसत नाही म्हणून त्या दचकतात, आणि दचकली की दोन दिवस अंडं नाही. नाव मात्र एकीलाही ठेवलं नव्हतं. सगळ्या कोंबड्या "बाय" आणि सगळे कोंबडे "राव". नाव ठेवलं की जीव जडतो, असं त्यांचं म्हणणं. जसा काही नाव न ठेवता जडला नव्हता.

त्या काळ्या कातडीनं त्यांच्यामागं एक वेगळंच लचांड लावलं होतं. बाळूशेठ म्हणून त्यांचा चुलतभाऊ होता, प्लॉटचे व्यवहार करणारा, गळ्यात जाड साखळी, पायांत पांढरे बूट. त्याच्या साइटवर एक मजूर परांचीवरून पडून जायबंदी झाला. दुसऱ्या दिवशी बाळूशेठ फाटकाशी हजर. मी तेव्हा तिथंच होते.

"तात्या, एक कोंबडी द्या राव. अमावस्येला साइटवर उतारा द्यायचाय. वरून पांढरी, आतून काळी, अशीच पायजे म्हनला देवरुषी."

तात्यांचा देवावर विश्वास होता आणि भुताखेतांवर त्याहून जास्त. उताऱ्याच्या नुसत्या उल्लेखानं त्यांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. मला वाटलं, देतील आता.

"बाळ्या," ते म्हणाले, "तो पोरगा वर चढला तवा त्याच्या कमरंला पट्टा व्हता का?"

"पट्ट्याचं काय त्यात?"

"व्हता का?"

"नव्हता."

"मग पट्टा घे. कोंबडी कापून मानूस पडायचा ऱ्हात न्हाई."

बाळूशेठ वाईट बोलून गेला. "तुमच्या दारात ही अवदसा पाळलीय, एक दिवस गावाला भोवंल," असं काहीतरी. त्या दिवसापासून शेडांना कुलपं लागली आणि दिवेलागणीच्या आत सगळ्या कोंबड्या आत जाऊ लागल्या. "बाळ्याला मी भेत न्हाई," त्यांनी मला सांगितलं. "मी भेतो तो त्याच्या बोलन्याला. बोललेलं फळतं कधी कधी."

आता अर्धलीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आमच्या गावाकडे गाय-शेळी अर्धलीनं द्यायची रीत आहे. मालक जनावर देतो, दुसरा सांभाळतो, होणारी पिल्लं दोघांत अर्धी-अर्धी. ती रीत कोंबडीला लावणारे तात्या मला पहिलेच भेटले. सिल्कीसारखी खुडूक बसणारी कोंबडी नाही. एकदा अंड्यांवर बसली की खाणंपिणं विसरते. स्वतःची नसोत, दुसऱ्या जातीची असोत, दगड ठेवला तर दगड उबवत बसेल. तात्यांची जागा अपुरी पडायला लागली तशा त्यांनी खुडूक कोंबड्या अंड्यांसकट आसपासच्या घरांत द्यायला सुरुवात केली. पट्टीमागच्या भाड्याच्या खोल्यांत दिल्या, गावठाणात दिल्या, बिल्डिंगांच्या गॅलऱ्यांत दिल्या. वाकडला टेरेसचा फ्लॅट असलेला अभिजित नावाचा एक आयटीवाला मोबाइलवर फोटो बघून आला होता, त्यालाही जोडी दिली. कुणाकडे कुठली कोंबडी, हे सगळं तात्यांच्या डोक्यात.

लोक पिल्लं घ्यायला आनंदानं येत आणि तात्यांची उलटतपासणी खाऊन जात. मांजर आहे का? पोरं धडपडी आहेत का? गॅलरीला जाळी आहे का? मी जाळी लावून घेतली तेव्हा कुठं माझ्याकडे एक बाय आली. मी तिला चोरून कापशी म्हणायला लागले. संध्याकाळी शिफ्टवरून आल्यावर चहाचा कप घेऊन तिच्याजवळ बसलं की दिवसभराची मशीनची घरघर कानांतून निघून जायची.

बाहेरून परत आलेली कोंबडी तात्या कधीच सरळ कळपात घेत नसत. पट्टीच्या अगदी टोकाला त्यांची एक लहान शेड होती. तिच्या दारावर कंपनीतली लाल पट्टी चिकटवलेली. तिला ते "होल्ड" म्हणायचे. कंपनीत संशयाचा माल जसा तपासणी होईपर्यंत लाल पट्टीच्या आत ठेवतात, तशी परत आलेली बाय आणि तिची पिल्लं होल्डमध्ये बसायची. तिथलं पाणी वेगळं, दाणे वेगळे, तात्यांच्या चपलाही वेगळ्या. सगळं ठीक आहे अशी तात्यांची खात्री पटली की मगच ती आत. अभिजित एकदा हसून म्हणाला होता, "तात्या, हे जरा जास्त होतंय." तात्यांनी त्याला पंजे दाखवले.

त्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला. वाऱ्यानं होल्डचा पत्रा उडून समोरच्या प्लॉटमध्ये जाऊन पडला होता. अशा पावसात भर दुपारी नंदा फाटकाशी आली. ती मागच्या खोल्यांत राहायची, परभणीकडची. तिचा नवरा ओढ्यापलीकडच्या मोठ्या पोल्ट्रीत कामाला होता. डोक्यावर पोतं, काखेत टोपली, टोपलीत भिजलेली कोंबडी आणि तिच्या पोटाखाली चिवचिवणारी पिल्लं.

"तात्या, आम्ही गावाकडं चाललाव. सासूबाई लई सीरियस हायत. रिक्षा उभी हाय बाहेर. ही ठिवून घ्या, तुमच्या वाट्याची बी अन् माझ्या बी."

एवढं बोलून ती रडायला लागली. मी त्या दिवशी सुट्टीवर होते आणि काकूंकडे बसले होते. सगळं समोर घडलं. तात्यांनी टोपली घेतली. कोंबडी लटलट कापत होती. एक पिल्लू आडवं पडलं होतं. तात्यांनी होल्डच्या उघड्या खांबांकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, परत खांबांकडे पाहिलं.

"घरात घ्या," काकू म्हणाल्या.

"घरात गॅस हाय. पिल्लू कुठंबी शिरतं." आणि मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मोठ्या शेडीत बल्ब हाय. ऊब हाय."

त्यांनी बायला काकूंच्या जुन्या लुगड्यात पुसलं आणि मोठ्या शेडमध्ये, कळपात, बल्बखाली नेऊन ठेवलं. आडवं पडलेलं पिल्लू संध्याकाळपर्यंत उठून चालायला लागलं. तात्या इतके खूश झाले की मला चहाला थांबवून घेतलं. त्यांना मी पहिल्यांदाच निर्धास्त बसलेलं पाहिलं.

त्या आठवड्यात ओढ्यापलीकडच्या पोल्ट्रीत कोंबड्या मरताहेत अशी कुजबुज आली. कुणी म्हणालं थंडी, कुणी म्हणालं खाद्य. पोल्ट्रीवाला गप्प. मग एका सकाळी तात्यांचा मला फोन आला. ते फोन सहसा करत नसत, कानाला तापतो म्हणून.

"गॅलरीचं दार लावून घे," ते म्हणाले. "तुझ्या बायला हात लावू नगं. दानापानी कर, तोंडाला फडकं बांध, हात साबनानं धू. खाली येऊ नगंस."

"काय झालं तात्या?"

"नंदाची बाय गेली. काल चांगली व्हती. सकाळी बघतो तर मान टाकून पडलेली. आनखी एक कोपऱ्यात बसलीय."

मी फडकं बांधून गॅलरीतून फोनवरच बोलत राहिले आणि ते खाली अंगणात, तोंडाला पंचा गुंडाळून. त्यांचा सगळा चेहरा डोळ्यांत आला होता. त्यांना बर्ड फ्लूची शंका होती, आणि त्यात कोंबडीचा तुरा काळानिळा पडतो, हे त्यांना ठाऊक होतं. "गावरान असती तर तुऱ्यावरनं कळलं असतं," ते म्हणाले. "आपल्या बायांचा तुरा जलमापासूनच काळा. आजारी कोन, चांगली कोन, मला काई कळंना बघ. सगळ्या सारख्याच बघत्यात माझ्याकडं."  मी मागं वळून कापशीकडे पाहिलं. ती अंड्यांवर बसलेली, झुपक्याआडून कुठं बघत होती कोण जाणे. तुरा जांभळाच. पिल्लं बाहेर यायला थोडेच दिवस उरले होते.

दुपारी बाळूशेठ आला. बातमी त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत नसे. तो फाटकाबाहेरूनच बोलला, नाकाला रुमाल लावून.

"तात्या, येड्यासारखं जनावरांच्या दवाखान्यात फोन करू नका. खड्डा काढा, मीठ टाका, पुरून मोकळे व्हा. सरकारी मानसं आली तर तुमच्याच न्हाई, आख्ख्या गावच्या कोंबड्या मारत्यात. लोकं तुमाला जिवंत सोडनार न्हाईत."

बाळूशेठचं यावेळी खोटं नव्हतं. आजार ठरला की आसपासच्या सगळ्या वस्तीतल्या कोंबड्या जातात, निरोगीसुद्धा. म्हणजे तात्यांचा कळप, आणि अर्धलीनं घरोघरी दिलेली एकूण एक बाय, आणि लोकांच्या स्वतःच्या गावरान कोंबड्याही. तात्या गप्प बसले असते तर कदाचित काही वाचल्या असत्या. मला खरं सांगायचं तर त्यांनी गप्प बसावं असं वाटत होतं. मी ते बोलले नाही, पण वाटत होतं.

पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं. तात्या पायरीवर बसून राहिले. काकू दारात.

"नंदाची पोरगी पिल्लं उशाशी घेऊन झोपायची," तात्या शेवटी म्हणाले. "आमच्या खोलीत पिल्लं नाचत्यात म्हणून मला सांगायची. असल्या किती पोरी असतील गं? मी दिलीत समद्यांना. मी हातानं दिलीत." त्यांनी काकूंकडे पाहिलं. "मला लई भ्या वाटतंय. फोन लाव."

काकूंनी लावला.

नमुने भोपाळच्या सरकारी प्रयोगशाळेत गेले. अहवाल येईपर्यंत नुसती वाट बघायची होती. रोज सकाळी मी गॅलरीत जायच्या आधी दाराच्या काचेतून बघायचे, ती हलतेय का. नवऱ्याला साधी शिंक आली तरी मी त्याच्या कपाळाला हात लावायचे. नंदाला गावी फोन करून पोरीच्या तापाची चौकशी मीच करायचे, तात्यांच्या सांगण्यावरून. पोरगी ठणठणीत होती, पण तात्यांना ते दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचं असे. त्यांच्या शेडमधल्या कोंबड्या एकेक करून मान टाकत होत्या. ते दारातूनच म्हणायचे, "मीच हाय बाय, मीच हाय," आणि आत पाऊल टाकायचे नाहीत, कारण डॉक्टरांनी तसं बजावलं होतं. अहवाल आला. बर्ड फ्लूच होता. पोल्ट्रीतला आणि तात्यांकडचा, दोन्ही.

गाड्या सकाळी आल्या. पांढऱ्या पोशाखातली, डोळ्यांवर चष्मे लावलेली माणसं उतरली. तात्यांनी त्यांच्यातल्या मॅडमना हात जोडले, "माझ्या हातानं धरून देतो. अनोळखी मानसाला भित्यात त्या." मॅडम भल्या होत्या. त्यांनी तात्यांनाही पोशाख घालायला लावला, मास्क, हातमोजे, सगळं, आणि परवानगी दिली.

मी वरून बघत होते. तात्या शेडकडे निघाले, नेहमीसारखे लांबून बोलत. पण मास्कमधून आवाज घोगरा, फुटका येत होता, आणि समोरून एक पांढरा अनोळखी आकार चालत येत होता. कोंबड्या पळाल्या. झुपक्यामुळे दिसत नसल्यानं एकमेकींवर, जाळीवर, भिंतीवर आपटत पळाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या तात्यांना घाबरल्या. तात्यांचा हात मास्ककडे गेला. मला वाटलं, काढतात आता. पण ते जन्मभर नियमाला भिऊन चाललेले. हात तसाच खाली आला. मग ते वाकून, कोपऱ्यात अडवून, एकेकीला धरत राहिले आणि पिशवी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे देत राहिले. मी आत येऊन पडदा ओढला.

त्यानंतर ते त्या माणसांच्या पुढं होऊन घरोघर गेले. कुठल्या खोलीत, कुठल्या गल्लीत, कुणाच्या गच्चीवर, सगळं त्यांनीच दाखवलं. कुणी आपणहून दिली, कुणी शिव्या दिल्या, एक बाई तर दारातच त्यांच्यापुढं थुंकली. एकानं "आमच्याकडं नाहीच" म्हणून सांगितलं, तेव्हा तात्या त्याच्या दारासमोर नुसते उभे राहिले, आतून आवाज येईपर्यंत. माझ्या दारापर्यंत ते जिन्यानं चढून आले. धाप लागली होती. मी कापशीला बाथरूममध्ये ठेवून बाहेरून कडी लावली होती. काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

"पोरी," ते म्हणाले, "दे."

मी दिली. ती अंड्यांवरून उठेना, म्हणून टोपलीसकट.

शेडा जाळल्या, चुना टाकला, आणि बाळूशेठनं गावभर सांगितलं की तो आधीच बोलला होता. ज्यांच्या कोंबड्या गेल्या ते तात्यांशी बोलेनासे झाले. माणसाला कुणालाच काही झालं नाही. लोकांना वाटलं, मग काय गरज होती? झालं नाही ते कशामुळे, हा विचार कुणी केला नाही.

पण मला भीती वाटायला लागली ती वेगळ्याच गोष्टीची. तात्या शांत झाले होते. फाटक उघडं टाकून जायचे. औषधाचं घमेलं पालथं पडलेलं. काकू सांगायच्या, "परवा गॅसवर दूध ठिवून निघून गेले. सगळी खोली वासानं भरली, तर म्हनत्यात, उघड की खिडकी. आमच्या लग्नाला येवढी वर्सं झाली, मी ह्यांच्या भ्यायला हसत आले. आता हे भेतच न्हाईत, आन् मला झोप लागत न्हाई." मी समजूत घालायला गेले की तात्या म्हणायचे, "मी बरा हाय की." आणि खरंच बरे दिसायचे. तेच वाईट होतं.

पुढं बंदी उठली, उन्हाळा आला. एका संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरले तर फाटकाशी अभिजितची गाडी. वाकड लांब, तिथवर काही पोचलं नव्हतं. त्याच्याकडची जोडी सुखरूप होती आणि तिला पिल्लं झाली होती. भोकं पाडलेला खोका घेऊन तो उभा होता.

"तात्या, तुमचा अर्धा वाटा आणलाय. डॉक्टरांना दाखवून आणलाय."

खोक्यात चिवचिवाट चालला होता. तात्यांनी आत डोकावलंसुद्धा नाही.

"परत ने बाबा," ते म्हणाले. "भ्यायची ताकद संपली माझी. जो भेत न्हाई त्यानं जीव पाळू न्हाई." आणि पायांत चपला सरकवून ते फाटकाबाहेर पडले, हवा खायला निघावं तसे.

आमचा रस्ता आळंदीकडे जातो. संध्याकाळी त्यावर डंपर आणि सिमेंटचे मिक्सर एकामागं एक धावत असतात. तात्या रस्त्यात उतरले. उजवीकडे नाही, डावीकडे नाही, समोर बघत सरळ चालायला लागले. एका डंपरवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढून आई-बहीण काढली. तात्या त्याच चालीनं दुभाजकापाशी पोचले. काकू माझ्या शेजारी तोंडावर पदर दाबून उभ्या होत्या.

माझा तोल गेला. मी अभिजितच्या हातातला खोका घेतला आणि त्यांच्यामागं निघाले. "तात्या, निदान बघा तरी," असं काहीतरी ओरडत. राग इतका आला होता की आपण डांबरावर आलोय याचं भान नव्हतं. खोका हातात हिंदकळत होता, आतली पिल्लं जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

तो आवाज ऐकून तात्या वळले.

"थांब! गाडी बघ, गाडी!"

मी जागच्या जागी थांबले. मिक्सर माझ्या पुढ्यातून गेला, त्याच्या वाऱ्यानं ओढणी उडाली. तात्या दुभाजकावर चढले होते. दोन्ही हात वर करून ते दोन्हीकडच्या गाड्या थांबवत होते, ज्या लांब होत्या त्यासुद्धा. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं, एक पाऊल टाकलं, मागं घेतलं, आणि मग धावत आले. त्यांनी खोक्याला खालून हात लावला.

"अशी धरत्यात व्हय? बूड फाटलं असतं म्हंजी? आन् एवढ्या गाड्या, दिसत न्हाईत तुला?" त्यांना धड बोलता येत नव्हतं. ओठ कापत होते, चेहरा पांढराफटक पडला होता.

पुढं ती पट्टीही रस्तारुंदीत गेली आणि तात्या-काकू पिल्लं घेऊन राजगुरुनगरला मुलीकडे राहायला गेले. पण तात्या म्हटलं की मला दिसतात ते त्या संध्याकाळचे, खोका छातीशी धरून रस्त्याच्या कडेला थरथर कापणारे. माणूस इतका घाबरलेला बघून कुणाला आनंद होतो का? मला झाला. काकू तर रडायलाच लागल्या.